मोघे सिस्टरांचा लाल वॉर्ड

दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मोघे सिस्टरांची अब्रू भिंतीवर टांगली जायची, आणि त्या पहिल्या रांगेत बसून, चहा पीत, ती नीट बघायच्या.

बनारसमधलं एका धर्मादाय ट्रस्टचं इस्पितळ. तिथले केसपेपर, औषधांचे तक्ते, रिपोर्ट, सगळं कागदावरून कंप्यूटरवर आणायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं आणि ते बसवायला पुण्याहून मला धाडलं होतं. मी मूळची सांगलीची. काशीला लोक म्हातारपणी जातात, मी चौतिसाव्या वर्षी गेले, तेही लॅपटॉप घेऊन. सोमवारच्या बैठकीत मॅनेजर श्रीवास्तवसाहेब पडद्यावर वॉर्डांची यादी लावायचे. जिथे औषधं वेळेत दिली गेली तो वॉर्ड हिरवा, जिथे उशीर झाला तो लाल. यादीत बाकी सगळे हिरवे असायचे. लाल एकच, दुसऱ्या मजल्यावरचा स्त्रियांचा वॉर्ड. त्याच्या इन्चार्ज कुमुद मोघे.

"मोघे सिस्टर, इस बार भी लाल?" श्रीवास्तवसाहेब विचारायचे.

"जी सर. इस बार भी सच लिखा है," असं म्हणून बाई बशीतलं बिस्कीट उचलायच्या.

मला सुरुवातीला त्यांचा भयंकर राग यायचा. मी रात्रंदिवस खपून सिस्टिम बसवतेय आणि ही एक बाई हट्टाने ती बदनाम करतेय! वय सत्तावन्न, कंप्यूटरला घाबरते, कबूल करायची लाज वाटते, म्हणून हा ताठा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एवढ्यावर न थांबता ते दोघा-चौघांना बोलूनही दाखवलं. ते त्यांच्या कानावर गेलं असणार. इस्पितळात काहीच लपून राहत नाही.

बाई ठेंगण्या, रुंद हाडाच्या, चालताना अंगातला कोट फडफडेल एवढा वेग. घड्याळ उजव्या मनगटावर, तेही तबकडी आतल्या बाजूला, म्हणजे नाडी धरली की आकडे थेट डोळ्यांसमोर. आणि डाव्या बाहीवर चिकटपट्ट्या. सलाईनची सुई हाताला चिकटवायला जी पांढरी कागदी पट्टी वापरतात तिचा वीतभर तुकडा त्या सकाळी बाहीवर लावायच्या आणि प्रत्येक औषध दिलं की तिथल्या तिथे त्यावर बॉलपेनने लिहायच्या. खाट सात, दहा पंचवीस. खाट आठ, दहा एकतीस. ड्युटी संपेपर्यंत बाही मनगटापासून कोपरापर्यंत भरलेली. मला ते गावंढळ वाटायचं. एवढा लाखमोलाचा कंप्यूटर बसवलाय आणि बाई बाहीवर लिहितेय!

सिस्टिम सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर उजळणीच्या वर्गात मी पुन्हा दाखवत होते, कुठल्या पेशंटचं कुठलं औषध किती वाजता द्यायचंय ते पडद्यावर येतं, दिलं की 'दिलं' हे बटण दाबायचं, झालं. सगळ्या नर्सेस माना डोलवत होत्या. मोघे सिस्टरांनी हात वर केला. हिंदीत चाललेल्या वर्गात एकदम मराठीत म्हणाल्या, "तू मराठी आहेस ना? मग मला एक सांग. मी बत्तीस नंबरला सुई देते तेव्हा तुझं हे बटण कुठे असतं?"

मी चाटच पडले. आडनाव मोघे असलं तरी बैठकीत त्या हिंदीच बोलायच्या, त्यामुळे काशीत मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, आणि मिळेल तर अशा सुरात मिळेल असं तर मुळीच नाही.

"काउंटरवर," मी म्हटलं.

"आणि बत्तीस नंबर?"

"वॉर्डाच्या टोकाला."

"चल," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी सातला ये. चपला मऊ घाल."

मी गेले. वॉर्डात बत्तीस खाटा, सकाळच्या पाळीला नर्सेस दोन, काउंटरवर कंप्यूटर एक. दहाच्या औषधांना त्यांनी पावणेदहालाच सुरुवात केली. प्रत्येकीला नाव विचारायचं, हातातला पट्टा बघायचा, गोळी गिळेपर्यंत उभं राहायचं, सुई असेल तर सावकाश सोडायची. मध्येच कुणाला उलटी, कुणाची सलाईन थांबलेली, कुणाचा नवरा विचारतोय छुट्टी कब मिलेगी. दर वेळी काउंटरवर परत जाऊन बटण दाबायचं तर तेवढ्यात पडदा बंद झालेला, पुन्हा पासवर्ड. तीन मिनिटं कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप बंद व्हायचा, हे सुरक्षेसाठी मीच ठेवलं होतं. साडेअकराला माझ्या पोटऱ्या भरून आल्या. बत्तीसपैकी सत्तावीस जणींची औषधं झाली होती. बाई काउंटरवर बसल्या आणि बाहीवरचं बघून एकेक नोंद करायला लागल्या. प्रत्येक नोंद लाल.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "सात नंबरला मी दहा पंचवीसला दिलं. तुझं मशीन लिहितंय अकरा पस्तीस. मी बटण दाबलं ती वेळ त्याला समजते. सुई दिली ती वेळ नाही समजत. माझी वेळ लिहायला जागा कुठाय?"

जागा नव्हती. म्हणून त्या प्रत्येक नोंदीखाली शेऱ्याच्या रकान्यात खरी वेळ टाइप करायच्या, एका बोटाने. कंप्यूटरला त्या घाबरत नव्हत्याच. आख्ख्या इस्पितळात तो शेऱ्याचा रकाना वापरणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या दिवसापासून त्या मला 'सांगलीवाली' म्हणायला लागल्या. मी एकदा 'ताई' म्हणून पाहिलं तर म्हणाल्या, "ताई घरी. इथे सिस्टर."

घर मंगला गौरीच्या देवळाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आसपास पाच-सहा मराठी घरं. तिथे गेलं की त्यांची भाषा सैल व्हायची, निम्मी मराठी, निम्मी हिंदी, आणि चिडल्या की तिसरीच काहीतरी. थंडीत त्यांनी मला बनारसी मटार-चुडा, म्हणजे मटार घातलेले पोहे, खायला घातला, पण वरून ओलं खोबरं आणि हिंगाची फोडणी. "हे इथल्यांना चालत नाही आणि तुमच्याकडच्यांना कळत नाही," म्हणाल्या, "म्हणून मी एकटीच खाते." महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू गल्लीत भेटले की हमखास म्हणायचे, अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता! बाई तेवढ्याच गोड आवाजात म्हणायच्या, "तुम्हीपण बरी बोलता की." लग्नाबिग्नाचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भिंतीवर एक कॅलेंडर, एक गणपती आणि नर्सिंगच्या वर्गाचा एक फोटो होता, बस.

त्यांचा एक शब्द होता, 'कधी?' कुणी काही केलं म्हणून सांगितलं की पाठोपाठ तो यायचाच. एकदा त्यांच्याबरोबर गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरत होते. त्या पायऱ्या म्हणजे जीव काढतात, आणि बाई पुढे निघूनही गेल्या होत्या. खाली एक म्हातारा नावाडी नाव धूत होता. त्याला रक्तदाबाची गोळी त्यांनीच लावून दिलेली.

"गोली खाई?"

"खा लिहलीं, बहिनजी."

"कब?"

"सबेरे."

"सबेरे कब? आरती से पहले कि बाद में?"

म्हातारा विचारात पडला. बराच वेळ त्याने डोकं खाजवलं आणि शेवटी प्रामाणिकपणे म्हणाला, "ऊ त कल रहल, बहिनजी." ती गोळी कालची होती. बाईंनी त्याला त्यांच्यासमोर गोळी घ्यायला लावली, घड्याळ बघितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माणूस खोटं नाही बोलत गं. कधी ते कुणी विचारत नाही, म्हणून घोटाळा होतो."

आता जे सांगायचंय त्यात माझी चूक आहे, ती आधीच सांगून टाकते. औषधाची वेळ उलटून अर्धा तास झाला की नोंद लाल, हा नियम माझा होता. तो मी बनारससाठी केलाच नव्हता. दुसऱ्या एका शहरातल्या मोठ्या इस्पितळासाठी केलेला होता, जिथे सहा पेशंटमागे एक नर्स असते. तोच उचलून मी इथे जसाच्या तसा लावला. कुणाला विचारलं नाही. आणि तीन-चार महिने मला कौतुक वाटत होतं की बाकीच्या वॉर्डांत सोळा-सोळा पेशंटमागे एक नर्स असूनही सगळं कसं हिरवंगार!

कसं, ते आख्ख्या इस्पितळाला माहीत होतं, मी सोडून. पावणेदहा झाले की एक नर्स कंप्यूटरपाशी बसायची आणि वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांच्या नावांसमोर धडाधड 'दिलं' दाबून मोकळी व्हायची. मग ट्रे उचलून औषधं द्यायला निघायची. पासवर्डही सगळ्यांचा मिळून एकच, कारण दर तीन मिनिटांनी आपापला घालायला कुणाला फुरसत होती? औषधं दिली जायचीच. त्या पोरी काही कामचुकार नव्हत्या. फक्त आधी नोंद, मग औषध. आणि मध्ये काही आडवं आलं तर नोंद तशीच, औषध राहिलेलं.

शांती देवी नावाची एक बाई होती, चंदौलीकडची, तिला फिट्स यायच्या. तिसऱ्या मजल्यावरून सव्वादहाच्या सुमारास तिला मोघे सिस्टरांच्या वॉर्डात हलवलं. मी काउंटरवर प्रिंटर दुरुस्त करत बसले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. पडद्यावर तिचं दहाचं इंजेक्शन 'दिलं' म्हणून हिरवं होतं, नऊ अठ्ठेचाळीस. बाईंनी सवयीप्रमाणे विचारलं, "सुई कब लगी?"

"सुई त अबहिन नाहीं लगल हौ, दीदी."

सुई अजून मिळालीच नाही, असं ती म्हणत होती. इंजेक्शन सलाईनच्या सुईतूनच देतात, त्यामुळे हातावर खूण शोधूनही उपयोग नव्हता. बाईंनी वर फोन लावला. पलीकडून आवाज आला, "ग्रीन है न दीदी, दे दिया होगा."

"दे दिया होगा?" बाईंचा आवाज असा काही झाला की प्रिंटरमधला माझा हात थांबला. त्यांनी फोन आपटला आणि जिन्याने वर पळाल्या.

त्या वर असतानाच शांती देवीला फिट आली. दुसरी नर्स धावली, डॉक्टर आले, त्यांनी दुसरं औषध देऊन फिट थांबवली. मग डॉक्टर काउंटरवर आले, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, दहाचा डोस जाऊनही फिट आली, म्हणजे डोस कमी पडतोय. आणि डोस दीडपट करायला बसले. तेवढ्यात बाई धापा टाकत परत आल्या. त्यांच्या हातात भरलेली सिरिंज होती, वरच्या ट्रेमध्ये तशीच पडलेली, पट्टीवर शांती देवीचा जुना खाट नंबर. ती त्यांनी डॉक्टरांच्या समोर ठेवली.

"डॉक्टरसाहब, दवा कम नहीं पड़ी. दवा गई ही नहीं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. तरुण होते, भले होते. पडद्यावर जे दिसतं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि तो ठेवावा म्हणून तर मी पुण्याहून आले होते! शांती देवीला नको तेवढं औषध रोज गेलं असतं, आणि त्याचं मूळ माझ्या अर्ध्या तासात होतं.

बाईंनी डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलं, बाहीवर अकरा पाच लिहिलं आणि नोंद करायला बसल्या. सिस्टिम नोंद घेईना, कारण तिच्या लेखी औषध आधीच दिलेलं. म्हणून त्यांनी शेऱ्यात एका बोटाने टाइप केलं: नऊ अठ्ठेचाळीसची नोंद खोटी. औषध अकरा पाचला दिलं. के. मोघे.

'खोटी' हा शब्द इस्पितळाच्या रेकॉर्डमध्ये पडला आणि भूकंप झाला. पुढच्याच आठवड्यात मानांकनाचं पथक तपासणीला येणार होतं, भिंतींना रंग लागत होता, झाडांच्या कुंड्यांना गेरू लागत होता. दुसऱ्या दिवशी श्रीवास्तवसाहेबांनी बाईंना बोलावलं. मलाही बोलावलं, कारण तो शेरा पुसायचा कसा हे त्यांना माझ्याकडून हवं होतं.

टेबलावर टाइप केलेलं पत्र तयार होतं. माझी समजण्यात चूक झाली, मी शेरा मागे घेते, असं काहीतरी. शिवाय वरच्या मजल्यावर त्या सकाळी बटण कोणी दाबलं, तिचं नाव साहेबांना हवं होतं. ती कंत्राटावरची मुलगी, नाव सांगितलं की त्याच दिवशी घरी. बाईंनी तिला ट्रेपाशी उभं राहून रडताना पाहिलेलं होतं, म्हणजे नाव त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि पत्र उलटं करून परत सरकवलं.

"सही नहीं करूँगी. और नाम भी नहीं दूँगी."

"सिस्टर, दोनों में से एक तो कीजिए," साहेब म्हणाले. "या तो एंट्री सही थी, या किसी ने गलत की."

"गलत सबने की, सर. रोज की. आपने हर सोमवार ताली बजाई, इसलिए की." आणि पुढे म्हणाल्या, "उस लड़की ने झूठ नहीं लिखा. उससे लिखवाया गया."

श्रीवास्तवसाहेब वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. ते मऊ आवाजात म्हणाले, "अगले महीने आप अट्ठावन की हो रही हैं. आपके एक्सटेंशन की फाइल मेरी मेज़ पर है."

मला ठाऊक होतं त्या दोन वर्षांच्या मुदतवाढीसाठी बाईंचा जीव किती अडकला होता. आठवड्यापूर्वीच मला म्हणाल्या होत्या, वॉर्ड सोडून मी काय करू गं, घरी भिंतीची नाडी बघू? तो वॉर्ड हेच त्यांचं सगळं होतं, आणि तोच आता टेबलावर ठेवला होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"रखिए," त्या म्हणाल्या. "मेज़ बड़ी है."

आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, सगळ्यांच्या समोर: "ए सांगलीवाली, तुझ्या मशीनला सगळं लक्षात राहतं ना? सांग यांना, नऊ अठ्ठेचाळीसला काय झालं."

मी गप्प राहू शकत होते. माझी नोकरी होती, पुण्यात कंपनी होती, कंपनीला हे गिऱ्हाईक हवं होतं. पण त्या बाईच्या नजरेसमोर गप्प राहायची माझी टाप नव्हती. मी लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर एकतीस पेशंटांची औषधं दोन मिनिटांत 'दिली' गेली. त्याच्या आदल्या दिवशीही. त्याच्याही आदल्या दिवशी. पासवर्ड सामाईक, त्यामुळे नाव निघत नाही. आणि अर्ध्या तासाचा नियम माझा, चुकीचा, आणि शेरा मी पुसणार नाही. हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं गेलं ते मलाही कळलं नाही. संध्याकाळी पुण्याहून फोन आला आणि मला यथेच्छ झापण्यात आलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही, हे खरं सांगते.

पथक आलं. तपासणीला कुठला वॉर्ड दाखवायचा हे ठरलेलं होतं, अर्थात दुसरा मजला वगळून. पण पथकप्रमुख एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, त्या लिफ्टऐवजी जिन्याने निघाल्या आणि दुसऱ्या मजल्यावर मोघे सिस्टर दारातच उभ्या. नमस्कार झाला, आणि बाईंनी दुसरं काही दाखवण्याआधी त्यांना कंप्यूटरपाशी नेऊन तो शेरा उघडून दिला. "पहले यह देख लीजिए. बाकी सब ठीक है." श्रीवास्तवसाहेब मागे उभे राहून छताकडे बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी तो शेरा दोनदा वाचला. मग मोघे सिस्टरांची बाही धरून तिच्यावरच्या वेळा वाचल्या. मग मला विचारलं, हे दुरुस्त करायला किती दिवस लागतील.

"पंधरा," मी म्हटलं.

"दस," मोघे सिस्टर म्हणाल्या.

त्या दहा दिवसांत त्यांनी माझ्या डोक्यावर मिरी वाटली. औषध दिल्याची वेळ वेगळी, नोंदीची वेळ वेगळी, दोन्हींना जागा हवी. औषधांच्या ट्रॉलीवर एक टॅब्लेट हवा, म्हणजे खाटेपाशीच नोंद होईल. पेशंटच्या हातातला पट्टा स्कॅन केल्याशिवाय 'दिलं' दाबताच येऊ नये, म्हणजे काउंटरवर बसून धडाधड दाबणं बंद. प्रत्येकीला आपला छोटा चार आकडी पासवर्ड. आणि लाल रंग फक्त न दिलेल्या औषधाला. उशिराला पिवळा, आणि उशीर झाला तर कारण निवडायची सोय. ती कारणांची यादी मी करून नेली. पेशंट झोपलेला, पेशंट तपासणीला गेलेला, औषध उपलब्ध नाही, नर्सचं दुर्लक्ष. बाईंनी शेवटचं कारण बोटाने टिचकी मारून दाखवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"सगळीकडे असतं," मी चाचरत म्हटलं.

"हे ठेव. असतं दुर्लक्ष पण. पण त्याच्या वर, सगळ्यात पहिलं, लिही: नर्स कमी."

श्रीवास्तवसाहेबांनी तो पर्याय काढायला तीनदा सांगितलं. तीनदा बाई त्यांच्या खोलीत गेल्या. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण पर्याय राहिला. पहिल्याच सोमवारी सगळे वॉर्ड पिवळे झाले आणि पडद्यावर खाली एकच कारण परत परत दिसायला लागलं. टाळ्या काही वाजल्या नाहीत. महिनाभराने तिसऱ्या मजल्यावर सकाळच्या पाळीला एक जास्तीची नर्स आली.

मी त्या सुमारास वर गेले होते तेव्हा ती कंत्राटावरची मुलगी ट्रॉली ढकलत होती; ती कोण, हे एव्हाना मलाही कळलं होतं. तिने मला ओळखलं आणि मुद्दाम टॅब्लेट माझ्याकडे वळवून दाखवला. दहाचं औषध, दहा पन्नासला दिलेलं, कारण निवडलेलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तेव्हा रडू आलं, का ते मला आजही धड सांगता येणार नाही.

बाईंची मुदतवाढ मात्र झाली नाही. फाइलवर काय शेरा होता ते मी विचारलं नाही, पण बाईंना विचारल्याशिवाय राहवलं नाही, पत्रावर सही केली असती तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं मिळाली असती. पण रोज सकाळी दहा वाजता मी काय केलं असतं, सांग? पडद्यावर विश्वास ठेवला असता का मी?" आणि रागाने पुढे, "मला वाईट नाही वाटत असं समजू नकोस. खूप वाटतं. पण म्हणून काय सही करून देऊ? छट्!"

शेवटच्या दिवशी अकरा वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये त्यांचा निरोप समारंभ होता. शाल आली, श्रीफळ आलं, हार आला, ट्रस्टचे दोन वयोवृद्ध सदस्य आले. श्रीवास्तवसाहेबांनी भाषण लिहून आणलं होतं, आणि ते चांगलं होतं, मी वाचलं होतं. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. सदस्यांपैकी एक घड्याळाकडे बघायला लागले. साहेबांनी मला वर पाठवलं.

बाई वॉर्डाच्या मध्यावर होत्या. ट्रॉली पुढे, त्या मागे. एका म्हातारीच्या हातात गोळी ठेवून, ती गिळली जाईपर्यंत उभ्या. म्हातारी घोटभर पाणी पिऊन गप्पा मारत होती आणि बाई ऐकून घेत होत्या.

"सिस्टर, खाली सगळे थांबलेत," मी म्हटलं. "हार सुकतोय. आज तरी चला, बाकीचं दुसरी नर्स करेल."

"ती एकटी आहे आज. अजून अकरा जणी राहिल्यात." त्यांनी मनगट वळवून वेळ बघितली, टॅब्लेटवर नोंद केली आणि पिवळ्या खुणेसमोरचं पहिलं कारण निवडलं. मग मला म्हणाल्या, "जा, साहेबांना सांग, सत्कार अकराचा होता, बाराला होईल. लिहून टाका म्हणावं उशीर झाला. कारण त्यांना माहितीये."

आणि ट्रॉली ढकलत त्या पुढच्या खाटेकडे गेल्या, वाकल्या आणि तिथल्या बाईला तिचं नाव विचारलं.